स्मशानातले दोन शब्द

ठाकुर्ली पूर्वेच्या म्हात्रे चाळीत कुणी गेलं, की रडारड सुरू व्हायच्या आधी एक माणूस धावत बाबुराव पिसाळांच्या दाराशी यायचा. बाबुराव जेवत असले तर ताट तसंच सारून उठायचे. बांबू कुठून आणायचे, मडकं कुठल्या दुकानात मिळेल, दाखला कोणता डॉक्टर लिहून देईल, लेक सासरहून येईपर्यंत बर्फ किती लागेल, सगळं त्यांच्या डोक्यात तयार असायचं. तिरडी ते स्वतः बांधायचे, दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा नाही. माणसाचं शेवटचं अंथरूण आहे, ढिलं राहता कामा नये, म्हणायचे. लग्नाच्या पत्रिका वाटताना लोक त्यांना खुशाल विसरायचे, पण मयताला त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. चांगल्या माणसाच्या वाट्याला असलीच कामं येतात, त्याला कोण काय करणार?

पाटण तालुक्यातून ते तरुणपणी इकडे आले आणि एमआयडीसीतल्या एका कापड रंगवायच्या कंपनीत चिकटले. कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलं ते घरदुरुस्तीत आणि पोराच्या डिप्लोमात संपलं. मग ज्या मैदानात त्यांनी कबड्डी खेळलेली, त्याच मैदानावर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर ते वॉचमन झाले. तक्रार नाही. बायको शालन, मुलगा संदेश, दोन खोल्या. संदेशचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर, आणि संदेश मोटरसायकलवर लोकांची पार्सलं पोचवायला. घरोघरी तीच कथा होती, म्हणून कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

बाबुरावांनी ठाकुर्लीला एक रीत घालून दिलेली. चितेला अग्नी दिला की लोक तिथेच उभे राहून फ्लॅटचे भाव काढायचे, मोबाईल बघायचे. बाबुरावांना त्याची भयंकर चीड. म्हणून त्यांनी सुरू केलं, की अग्नी दिल्यावर एकानं गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी दोन मिनिटं हात जोडून गप्प उभं राहायचं. बोलणारा बोलत असताना आणि नंतरच्या शांततेत कुणी चकार शब्द काढायचा नाही. एकदा एका नगरसेवकानं मध्येच फोन घेतला, तर बाबुरावांनी त्याला सरळ गेटबाहेर काढलं. तेव्हापासून त्यांच्या या नियमाला सगळे टरकून असायचे.

आता प्रीतमबद्दल सांगितलं पाहिजे. प्रीतम हा राघोचा मुलगा, आणि राघो म्हणजे बाबुरावांचा कंपनीतला जोडीदार. कंपनी बंद झाल्यावर राघोनं हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत गेला. त्याची तिरडी बाबुरावांनीच बांधली. पोरगं तेव्हा दहावीत. मडकं धरलेला त्याचा हात बाबुरावांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे कितीतरी दिवस प्रीतम शालनच्याच हातचं जेवला. संदेशला तो धाकटा भाऊ मानायचा, आणि ते खोटं नव्हतं.

पुढे चाळीतल्या हौसाबाई गेल्या, तेव्हा दोन शब्द बोलायला नेमकं कुणी पुढे होईना. बाबुरावांनी प्रीतमच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बोल रे, तुला तिनं लहानपणी खेळवलंय. पोरगं बोललं, आणि काय बोललं! म्हातारी पहाटे उठून डबे कशी करायची, तिच्या बोटांना पडलेल्या भेगा, त्या भेगांत बसलेलं पीठ. तगडे बाप्ये ढसाढसा रडले. बाबुरावांना इतकं कौतुक वाटलं, की घरी येऊन त्यांनी ते सगळं शालनला जसंच्या तसं सांगितलं.

झालं, प्रीतमला बोलावणी यायला लागली. आज डोंबिवली, उद्या शहाड, परवा कोपरी. कुणाच्याही मयताला प्रीतम हवा. आणि बोलता बोलता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली, की रडणाऱ्या माणसाला रडून भागत नाही, त्याला कुणावर तरी रागवायचं असतं. कंपन्या गेल्या, चाळी गेल्या, पोरं शिकून पार्सलं वाहतायत, आणि हे सगळं कुणी केलं त्याचा पत्ता कुणालाच नाही. एका बेकार कामगाराच्या चितेपुढे प्रीतम पहिल्यांदा म्हणाला, "हा मेला नाही. ह्याला मारलंय." कुणी, ते त्यानं सांगितलं नाही. तरी मागून घोषणा उठली. स्मशानात घोषणा त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

बाबुरावांना ते आवडलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांचीही छाती थोडी फुगली, कारण आपल्या हातानं उभा केलेला पोरगा होता. त्यांनी मनाशी म्हटलं, तरुण रक्त आहे, येईल ताळ्यावर. आपलं मूल शेजाऱ्याच्या खिडकीची काच फोडतं तेव्हा आपण जे म्हणतो, तेच.

प्रीतमचा प्रीतमभाऊ झाला. फ्लेक्सवर चेहरा आला, हातात कडं आलं, मागे पोरांची गाडी आली. कामंही करायचा हं, उगाच नावं ठेवू नयेत. चाळीला पाणी त्यानं आणलं, कितीतरी पोरांच्या शाळेच्या ॲडमिशन करून दिल्या. पण भाषणात आता 'कुणी'चं उत्तर यायला लागलं. तुमची नोकरी बाहेरच्यांनी नेली, तुमची खोली बाहेरच्यांनी घेतली, तुमच्या नाक्यावर बाहेरचे बसले. ज्यांनी कंपन्या विकल्या आणि ज्यांनी टॉवर बांधले, ते त्याच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून हसत होते. त्यांच्याबद्दल भाषणात अवाक्षर नसायचं.

म्हात्रे चाळीत 'बाहेरचा' म्हणायला एकच घर होतं, शिवबरनचं. जौनपूरकडचा माणूस, कल्याणच्या बाजारातून भाजी वाहणारा टेम्पो चालवायचा. वीस-एक वर्षं चाळीत. मराठी बोलायचा, मोडकं बोलायचा, पण बिनधास्त बोलायचा. त्याची मुलगी खुशबू मराठी शाळेत, वक्तृत्वात बक्षीस घेऊन आलेली. चाळीतलं मयत न्यायला त्याचा टेम्पो पुढे उभा असायचा, डिझेलचं नाव काढलं की रागवायचा. बाबुरावांच्या या कामात खरा जोडीदार राहिला होता तो हाच.

प्रीतमच्या वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी नव्वद फुटी रस्त्यावर मोटरसायकलींची रॅली निघाली. क्रेनला लटकवलेला हार, डीजे, फटाके, रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. त्याच वेळी पलीकडच्या वळणावर, खोदून ठेवलेल्या रस्त्याच्या खडीवरून संदेशची मोटरसायकल घसरली. रिकामा टेम्पो घेऊन येणाऱ्या शिवबरननं त्याला पाहिलं, उचललं, मागे पोत्यांवर निजवलं आणि हॉस्पिटलकडे निघाला. संदेश शुद्धीत होता. पाणी मागत होता. टेम्पो रॅलीत अडकला. शिवबरननं हॉर्न वाजवला तर पोरांनी बोनेटवर थपडा मारल्या, भाऊंची रॅली आहे, दिसत नाही का. तो खाली उतरला, हात जोडले, मागे आपलाच संदेश आहे म्हणून ओरडला. डीजेपुढे कुणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्यांनी त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून त्याला आणखी ढकललं. रस्ता मोकळा झाला तोवर संदेशनं पाणी मागणं थांबवलं होतं.

हे सगळं शिवबरननं बाबुरावांना हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सांगितलं, रडत, कपाळ भिंतीवर आपटत. म्हणाला, भाऊ, मला मारा, मी दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला पाहिजे होता. बाबुरावांनी त्याला जवळ घेतलं. काय झालं, कसं झालं, हे जगात त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी पोराची तिरडी स्वतः बांधली. लोक नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. हात सरावाचे, ते आपोआप चालत होते, म्हणून निभावलं. शिवबरन सुतळी तोडून देत होता.

प्रीतम आला तो अनवाणी. त्याच्याबरोबर सगळी ठाकुर्ली लोटली. बाबुरावांच्या गळ्यात पडून तो रडला आणि ते रडणंही खरं असावं. पण रॅलीत टेम्पो अडवल्याचं त्याच्या पोरांनी त्याला सांगितलं होतं, आणि आज ना उद्या ते बाहेर येणार हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. अग्नी दिल्यावर दोन शब्द बोलायला तोच पुढे झाला. त्याला नाही कोण म्हणणार?

आधी तो संदेशबद्दल बोलला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे, डिप्लोमा झाला तेव्हा पेढे कसे वाटले. लोक रडायला लागले. मग त्यानं आवाज खाली आणला.

"संदेशला कुणाच्या टेम्पोनं नेलं? नेलं, का उडवलं? मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारतो."

बाबुराव हात जोडून उभे होते. एका वाक्याचं काम होतं. अरे प्रीतम, खोटं बोलतोस, त्यानं माझ्या पोराला उचललं आणि तुझ्या रॅलीनं अडवलं, एवढंच. पण बोलणारा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. इतकी वर्षं त्यांनी तो दुसऱ्यांना लावला, आज स्वतः मोडायला जीभ उचलेना. आणि लपवून काय करायचं, नियम ही अर्धीच गोष्ट होती. प्रीतमनं तो प्रश्न विचारला तेव्हा बाबुरावांच्या छातीत पेटलेलं क्षणभर निवलं होतं. खडीवर कुणी रागवू शकत नाही. कुणीतरी होता, ज्यानं आपलं पोर मारलं, हे ऐकायला त्या क्षणी त्यांना बरं वाटलं. खोटं आहे हे माहीत असूनसुद्धा बरं वाटलं.

मग दोन मिनिटं शांतता. एवढी माणसं, पण लाकडांच्या तडतडीखेरीज आवाज नाही. शिवबरन मागे नळापाशी उभा होता. त्यानं एकदा बाबुरावांकडे पाहिलं. बाबुरावांनी मान खाली घातली. लोक आता गप्प आहेत ते त्याच्याकडे वळायसाठी, हे त्यांना कळत होतं आणि तरी ते आपल्याच शांततेत अडकून उभे राहिले. प्रीतमनं 'ओम शांती' म्हटलं आणि पोरं नळाकडे धावली.

त्याला वाचवलं ते लाकडं रचणाऱ्या दोघा माणसांनी, आतल्या खोलीत कोंडून. एक हात मोडला होता. टेम्पो पोरांनी नाल्यात लोटून दिला.

इकडे चाळीत बायकांना यातलं काही माहीत नव्हतं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं. शालनसाठी पिठलं-भाकरी आणली ती खुशबूच्या आईनं. नको नको म्हणणाऱ्या शालनला तिनं मांडीवर डोकं घेऊन दोन घास भरवले. त्याच वेळी तिच्या नवऱ्याला मार बसत होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते घर रिकामं झालं आणि दहाव्यापर्यंत सुतकात बसलेले बाबुराव उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. सुतक पाळलं पाहिजे, असं ते स्वतःला सांगत राहिले. रीतीभातीचा असा उपयोग असतो बघा, घाबरलेल्या माणसाला तिच्या आड बसता येतं.

दहाव्यानंतर मात्र ते बोलायला लागले. चाळीत सांगितलं, टॉवरच्या गेटवर सांगितलं, पोलिस चौकीत जाऊन सांगितलं. शिवबरननं मारलं नाही, त्यानं उचललं. पण पालथ्या घड्यावर पाणी. मग सुतक फिटेस्तोवर का गप्प बसलात, असं विचारलं तर उत्तर द्यायची सोय नव्हती. लोक समोर मान हलवायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, पोर गेल्यानं बाबुरावांच्या डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्यांच्या. ठाकुर्लीनं त्यांना खोटं पाडलं नाही, कीव करून मोकळी झाली. मयतालाही त्यांना बोलावणं येईना. आता प्रीतमभाऊंची वातानुकूलित शववाहिका होती, तिच्यावर त्याचाच हात जोडलेला फोटो.

निवडणूक आली. प्रीतमच्या प्रत्येक फ्लेक्सवर कोपऱ्यात संदेश होता, पासपोर्ट फोटोतला, इस्त्रीच्या शर्टातला. प्रीतम निवडून आला. वर्षश्राद्धाच्या सुमारास नाक्याला संदेशचं नाव द्यायचं ठरलं आणि पाटीवरचा पडदा दूर करायला आईबापाला बोलावलं. बाबुराव जाईन म्हणाले. शालननं आश्चर्यानं पाहिलं. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

पडदा सरला, टाळ्या झाल्या, आणि कुणी म्हणायच्या आत बाबुरावांनी माईक हातात घेतला. ते स्पष्ट बोलले. शिवबरननं माझ्या पोराला मारलं नाही, त्यानं त्याला टेम्पोत घेतलं, पोरगं जिवंत होतं, पाणी मागत होतं, पण पुढे रस्ता... इथे माईक बंद झाला. प्रीतमनं त्यांना मिठीत घेतलं, घट्ट, सुटता येणार नाही असं. दुसऱ्या माईकवरून तो म्हणाला, बापाचं काळीज आहे, ते वैऱ्यालाही माफ करतं, आपण मात्र विसरायचं नाही. समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. 'संदेशदादा अमर रहे' इतक्या जोरात झालं, की बाबुरावांचं उरलेलं वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर शालन पाटावर बसून पाणी प्यायली. मग म्हणाली, "तुमचं खरं असेल. मला पहिल्यापासून वाटतंय ते खरं आहे. पण अहो, मग मी तळतळाट कुणाला देऊ? प्रीतमला? त्याला मी भरवलंय."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि जेवायला उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवरच्या गेटवर बसल्या बसल्या त्यांनी शिवबरनचा नंबर लावला. वर्षभर तो नंबर फोनमध्ये होता, बोट तिथवर गेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं पलीकडून मुलीचा आवाज आला. खुशबू होती. तिनं आवाज ओळखला. मग हळूच म्हणाली, पप्पांनी तुमचा फोन घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय, थांबा, मी गच्चीवर जाते. जिना चढल्याचा आवाज आला.

तिनं सांगितलं, की पप्पांचा हात नीट जुळला नाही, गाडी चालवता येत नाही, काकांच्या शेतावर जातात. मम्मी बरी आहे. ती स्वतः शाळेत जाते, पण हिंदीतून जमत नाही, एक वर्ष गेलं. मुलं तिला बंबईवाली म्हणून चिडवतात. चौकाचं उद्घाटन त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. पप्पांनी दोनदा पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

"काल बोललात ते ऐकलं मी, काका," ती म्हणाली. "पण तेव्हा का नाही बोललात?"

बाबुरावांच्या तोंडाशी नियम आला, सुतक आलं, गर्दी आली. सगळ्या ठाकुर्लीला जे सांगून झालं होतं, ते सगळं आलं. त्यातलं एकही त्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलं गं, बाळा," एवढंच ते म्हणाले, आणि आता ती फोन ठेवणार म्हणून कान घट्ट दाबून बसले.

तिनं ठेवला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"ठेवू नका ना," ती म्हणाली. "थोडं बोला. काहीपण बोला. इथे माझ्याशी मराठी बोलणारं कोणीच नाही."

बाबुराव तिला सांगायला लागले, की चाळीत परवापासून पाणी कमी दाबानं येतंय, शालनकाकूचा गुडघा दुखतो, आज सकाळी तिनं अळूचं फदफदं केलं होतं आणि ते जरा खाजरं झालं. पलीकडून ती हं, हं म्हणत होती. गेटवर गाडी येऊन हॉर्न वाजवत राहिली, पण ते उठले नाहीत.